रूळ, जमीन आणि हरकती-सूचना

मुंबईच्या वाहतुकीविषयीचे सरकारी कागद सलग वाचत गेले, की एक शब्द सारखा भेटत राहतो : समन्वय. रस्ते बांधणारे खाते आणि इमारतींना परवानगी देणारे खाते यांच्यात समन्वय हवा, रेल्वे आणि महानगरपालिका यांच्यात समन्वय हवा, राज्याचे वाहतूक धोरण आणि स्थानिक जमीनवापर यांची सांगड घातली पाहिजे. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात तर ही सांगड एक प्रमुख उद्दिष्ट म्हणूनच येते. शब्द इतका निरुपद्रवी, की त्याला विरोध कोण करणार? दोन कार्यालयांनी एकमेकांना वेळेवर पत्रे लिहिली, एखादी संयुक्त समिती नेमली, की काम भागेल, असे तो ऐकताना वाटते.

या लेखात मला या शब्दाचीच झाडाझडती घ्यायची आहे. मुंबईच्या परिसरात वाहतूक आणि जमीन यांचा समन्वय कधी झालाच नाही, ही समजूत खरी नाही. नवी मुंबईत तो झाला, आणि मोठ्या प्रमाणावर झाला. तो कशामुळे शक्य झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहिले की या शब्दाआड झाकलेला प्रश्न उघडा पडतो. रेषा कोण आखतो, आणि ती आखण्यापूर्वी कोणाला विचारतो?

भोंग्याच्या अंतरावर

आधी समन्वय नसला की काय होते, ते पाहू. गिरणगावात चाळी गिरण्यांच्या आसऱ्याने उभ्या राहिल्या. भोंगा ऐकून निघालेला कामगार पायीच खात्यात पोचत असे. त्या वस्तीची दाटी, कोंदट खोल्या, सामायिक नळ यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण कामाची जागा आणि राहण्याची जागा यांतले अंतर चालण्याइतके होते, आणि ते अंतर हीच त्या भागाची वाहतूक व्यवस्था होती. कोणी तिला धोरण म्हटले नाही, एवढेच.

१९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने त्याला एक उत्तर दिले : जमिनीचा पुनर्विकास करताना ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महानगरपालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये राज्य सरकारने या नियमात बदल केला. वाटणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीची न होता फक्त आवारातल्या मोकळ्या जमिनीची होईल, असा त्याचा अर्थ निघाला. शेड जिथे उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून वगळली गेली आणि सार्वजनिक हिस्सा आक्रसला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००६ मध्ये न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. लोअर परळला कार्यालयांचे मनोरे उभे राहिले.

या बदलावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, ते बहुतेक घरे आणि रोजगार यांच्या अंगाने. वाहतुकीच्या अंगाने त्याचा अर्थ असा होतो : जिथे पूर्वी माणसे चालत कामावर येत, तिथे आता ती विरार, कल्याण, पनवेलहून लोकलने येऊ लागली. जमिनीचा वापर बदलला, म्हणजे प्रवासाची दिशा, वेळ आणि संख्या बदलली. फलाटांवरचे जिने मात्र जुन्या रुंदीचेच राहिले.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मेली. पाऊस पडत होता, लोक आडोशाला थांबले होते; रेल्वेच्या चौकशीने पावसावर बोट ठेवले. त्यानंतर लष्कराला पाचारण करून तिथे नवा पूल बांधून घेतला गेला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. पूल महिन्यांत होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. तो आधी का झाला नाही, याचे उत्तर मात्र पावसात सापडत नाही. पूल रेल्वेचा, म्हणजे केंद्राचा. मजले चढले ते राज्याने बदललेल्या नियमाखाली. नकाशे मंजूर करणारी महानगरपालिका. प्रत्येकाने आपापल्या नियमाप्रमाणे काम केले. मनोऱ्यांमुळे या जिन्यावर रोज किती माणसे वाढतील, हा हिशेब मांडणे यांपैकी एकाचेही काम नव्हते.

एका खिशातले दोन व्यवहार

स्थानक आले की भोवतालच्या जमिनीचा भाव चढतो. भाव चढला की मजले वाढतात. मजले वाढले की प्रवासी वाढतात, आणि मग गाड्या कमी पडतात. हे चक्र शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. अडचण अशी, की चढलेल्या भावाचा फायदा एकाच्या खिशात जातो आणि गाड्या वाढवण्याचा खर्च दुसऱ्याच्या डोक्यावर बसतो. हे दोन्ही व्यवहार एकाच खिशात आणले, तर जमिनीच्या पैशातून रूळ घालता येतात, आणि रूळ जिथून जाणार तिथेच वस्ती बसवता येते.

मुंबईत हा प्रयोग पहिल्यांदा केला तो ब्रिटिशांनी. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने जमिनी घ्यायच्या, रस्ता काढायचा आणि दुतर्फाचे भूखंड भाडेपट्ट्याने द्यायचे, अशी पद्धत वापरली. प्रिन्सेस स्ट्रीट, मोहम्मद अली रोड, दादर-माटुंग्याच्या वसाहती ही त्याच पद्धतीची फळे. रस्ता आणि त्याच्या कडेचे घर यांचा विचार एकत्र झाला, म्हणूनच दादर-माटुंग्याचा तो भाग आजही डोळ्यांना आणि पायांना सुखावतो. पण ट्रस्ट लोकांना जबाबदार नव्हता, आणि रस्त्यांसाठी ज्यांची घरे पाडली त्या गरिबांपैकी पुष्कळांना त्या नव्या घरांत जागा नव्हती. १९३३ मध्ये ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला. मागे दोन वारसे राहिले : एक चांगल्या रस्त्यांचा, दुसरा न विचारता रेषा आखण्याचा.

स्वातंत्र्यानंतर हा धागा पुन्हा हाती घेतला गेला. स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने १९५९ मध्ये ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडे वाढ न्यावी असे सुचवले. धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने महानगर प्रदेशाचा एकत्रित विचार करणाऱ्या प्रादेशिक नियोजनाची शिफारस केली. त्यातून १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. दरम्यान १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. उत्तर-दक्षिण लांबत जाणाऱ्या आणि रोज सकाळी दक्षिण टोकाकडे धावणाऱ्या शहराला पूर्वेकडे दुसरे केंद्र द्यावे, असा तो विचार होता. जुन्या शहरातला प्रवास रूळ वाढवून सोपा होणार नाही; कामाच्या जागा हलवल्या तर होईल, हे त्यांनी ओळखले होते. माझ्या मते वाहतुकीविषयी मुंबईत केला गेलेला हा सर्वांत मूलगामी विचार आहे, आणि वरवर पाहता त्याचा विषय वाहतूक नाहीच, जमीन आहे.

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी निश्चित झाली. जमीन सिडकोच्या हाती, नियोजनाचा अधिकार सिडकोचा आणि भूखंडांच्या विक्रीचे पैसेही सिडकोचे. रेल्वे येण्यास वेळ लागला. मोटारींचा वाशी पूल १९७३ मध्ये झाला, पण मानखुर्द-वाशी लोकल धावली ती ९ मे १९९२ रोजी. ती आली कशी, ते महत्त्वाचे आहे. रेल्वेमार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. स्थानकांच्या माथ्यावर आणि आवारात कार्यालयांसाठी जागा काढल्या. वाशी किंवा बेलापूरच्या स्थानकात उतरल्यावर जो प्रशस्तपणा जाणवतो, तो एखाद्या वास्तुशिल्पीच्या सौंदर्यदृष्टीपुरता नाही. जमीन विकणारा आणि रूळ घालणारा एकच होता, त्याचा तो परिणाम आहे. डोंबिवली किंवा दिव्याच्या फलाटावर उभे राहिले, की हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

वचन मोडले कोणी?

इथपर्यंतची कथा यशाची आहे, आणि ती तशीच सांगितली जाते. पण तिच्यात दोन भेगा आहेत.

पहिली भेग दक्षिणेला. नवी मुंबईची कल्पना टिकायची, तर राज्य सरकारची कार्यालये पलीकडे जायला हवी होती. निदान जुन्या टोकाला नवी कार्यालये उभी राहायला नको होती. झाले ते उलटे. ज्या काळात सिडको खाडीपलीकडे केंद्र उभारू पाहत होती, त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कार्यालयांचे मनोरे उभे राहत होते. मंत्रालय जागचे हलले नाही. घाऊक बाजार तेवढे हलले. कांदा-बटाटा, भाजीपाला, धान्य यांचे व्यापारी मशीद बंदर-भायखळ्याकडून वाशी-तुर्भ्याला गेले. मंत्री आणि सचिव राहिले तिथेच. माथाड्याला जे करायला लावले, ते राज्याने स्वतः केले नाही.

समन्वयाच्या चर्चेत नेहमी एक गृहीत असते : राज्य लांबचे पाहते आणि स्थानिक संस्था आपापल्या वॉर्डापलीकडे पाहत नाहीत, त्यामुळे विसंगती खालून येते. नरिमन पॉइंट आणि परळ ही दोन्ही उदाहरणे या गृहीताच्या विरोधात साक्ष देतात. भराव राज्याच्या निर्णयाने झाला. गिरणी जमिनींचा नियम राज्याने बदलला, आणि त्यात महानगरपालिकेचाच मोकळ्या जागेचा हिस्सा गेला. दोन्ही ठिकाणी विसंगती वरून आली.

दुसरी भेग त्या ९५ गावांत. सिडको हे ज्या जमिनीचे एकमेव मालक झाली, त्या जमिनीवर भातशेती, मिठागरे आणि मासेमारी करणारी आगरी-कोळी वस्ती होती. एकमेव मालकी आकाशातून पडली नाही. ती संपादनाने आली. मोबदल्याचा भाव शेतजमिनीचा आणि विक्रीचा भाव शहराचा, या फरकातूनच रुळांचे पैसे उभे राहायचे होते. हे उमजलेल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन केले, त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग परत देण्याचे तत्त्व सरकारला स्वीकारावे लागले. ‘साडेबारा टक्के’ हा शब्दप्रयोग आज नवी मुंबईत जातीच्या दाखल्याइतका रुळला आहे. नियोजनाच्या पुस्तकांत ज्याला जमिनीच्या वाढीव मूल्यातला वाटा म्हणतात, तो कोणा तज्ज्ञाने आराखड्यात लिहिला नव्हता; तो गोळीबारानंतर लिहिला गेला.

गावठाणांची गोष्ट याहून बारीक आहे. आराखड्यात गावांच्या सीमा होत्या तिथेच गोठल्या. कुटुंबे वाढली, मुलांची लग्ने झाली, घरावर मजले चढले, शेजारच्या जागेत खोल्या निघाल्या. या बांधकामांना तिथे ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात, आणि हा शब्द पुढे सरकारी निर्णयांतही आला. एका बाजूला नकाशातले सेक्टर, दुसऱ्या बाजूला गरज. नकाशाने सेक्टरांना नंबर दिले, गरजेला रकाना ठेवला नाही. म्हणून ती अनधिकृत ठरली.

तारखांकडे पाहा. नवी मुंबई महानगरपालिका स्थापन झाली १ जानेवारी १९९२ रोजी. पहिली निवडणूक १९९५ मध्ये. तोवर शहराची आखणी झाली होती, रूळ पडले होते, भूखंडांची विक्री जोरात होती. शहराने जे काही ठरवायचे, ते शहराला मत मिळण्यापूर्वीच ठरून गेले होते. महानगरपालिकेच्या स्वतःच्या विकास आराखड्याचा मसुदा लोकांसमोर यायला २०२२ उजाडले, आणि तेव्हाही मोकळ्या भूखंडांवर सार्वजनिक आरक्षण टाकायचे की ते विकायचे, यावरून महानगरपालिका आणि सिडको समोरासमोर आल्या.

कलम आणि कलमबंदी

१९६६ च्या अधिनियमाची भाषा या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. आराखडा स्थानिक नियोजन प्राधिकरणाने करायचा, मसुदा प्रसिद्ध करून लोकांकडून हरकती व सूचना मागवायच्या, त्या ऐकायच्या आणि अंतिम मंजुरीसाठी राज्य सरकारकडे पाठवायचे. राज्य सरकार त्यात फेरबदल करू शकते. ४० व्या कलमाखाली एखाद्या भागासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमून तो भाग स्थानिक संस्थेच्या हातून काढूनही घेऊ शकते. १५४ व्या कलमाखाली राज्याचे निर्देश प्राधिकरणांवर बंधनकारक आहेत. म्हणजे राज्याकडे लेखणी, खोडरबर आणि वही तिन्ही आहेत. नागरिकाकडे आहे ती हरकत, आणि तीही रेषा आखून झाल्यानंतर.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने हे पालटायचे ठरवले होते. बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन आणि जमीनवापराचे नियमन हे विषय नगरपालिकांकडे सोपवण्यासाठी नोंदवले गेले. महानगर प्रदेशासाठी महानगर नियोजन समिती असावी, तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्यांमधून यावेत, असे २४३ झेडई हा अनुच्छेद सांगतो. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये कायदाही केला. समन्वयाची जी जागा आपण शोधत आहोत, ती कागदावर हीच. पण प्रत्यक्षात मेट्रो, पूल, उड्डाणपूल यांचे निर्णय घेतले एमएमआरडीएने, जिच्या अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री किंवा राज्याचे मंत्री असतात. आणि प्रादेशिक योजना तयार करणारीही तीच. खुद्द मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे निवडून आलेले सभागृहच नव्हते. ज्याच्याशी समन्वय साधायचा, तो समोरचा पक्षच जागेवर नाही, अशा स्थितीत या शब्दाला अर्थ काय उरतो?

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे, आणि तो टाळता येणार नाही. सिडकोसारखे एकहाती प्राधिकरण नसते, तर वाशीला लोकल आली असती का? वीस नगरपालिका आणि शेकडो ग्रामपंचायती एकमत होईपर्यंत थांबलो, तर रूळ कधी पडणार? हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. एकत्र हिशेब लागतो, हे नवी मुंबईने सिद्ध केले. तो हिशेब न निवडलेल्यांनीच ठेवावा लागतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही. तसा प्रयत्नच झाला नाही. उलट राज्याच्या एकहाती सत्तेनेच नरिमन पॉइंटला आपला हिशेब मोडला, तेव्हा तिला अडवू शकेल असे कोणी नव्हते. दुसऱ्याचे ऐकण्याची सक्ती नसलेला समन्वय स्वतःचेही ऐकत नाही.

पुन्हा एकदा खाडीपलीकडे

हा इतिहास उगाळण्याचे कारण ताजे आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू, म्हणजे अटल सेतू, खुला झाला. लांबी सुमारे २१.८ किलोमीटर. त्याच वर्षी राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी, सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रावर, एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमले. कर्नाळा-साई-चिरनेर असे त्याचे नाव. वर्तमानपत्रांच्या भाषेत ‘तिसरी मुंबई’. १९७० चे आकडे शेजारी ठेवून पाहा : तेव्हा ९५ गावे आणि ३४४ चौरस किलोमीटर, आता १२४ गावे आणि ३२३. गावकऱ्यांनी हजारोंच्या संख्येने हरकती दाखल केल्या. अधिसूचना कायम झाली.

एक फरक मात्र नोंदवायला हवा. १९९२ मध्ये खाडीवरून जे गेले ते रूळ होते, आणि त्यांवरून पासधारक नोकरदार, कोळीण, विद्यार्थी असे सगळे गेले. २०२४ च्या सेतूवर रूळ नाहीत. मोटारीला एका फेरीचा पथकर २५० रुपये ठेवला गेला. वाहतुकीचे साधन निवडले, की त्याच्या टोकाला कोणती वस्ती उभी राहणार, हेही अर्धेअधिक निवडले जाते. जिथे मोटारीशिवाय पोचणे अवघड, तिथे मोटार असलेल्यांचेच शहर होते. म्हणजे समन्वय इथेही आहेच. पूल आणि प्राधिकरण एकाच संस्थेच्या हाती, एकाच वर्षात. प्रश्न इतकाच, की तो कोणाच्या सोयीचा.

म्हणून पुढचा अहवाल हाती येईल, तेव्हा त्यात समन्वय शब्द किती वेळा आला हे मोजण्याऐवजी वाचकाने तीन गोष्टी शोधाव्यात. वाढीव चटईक्षेत्र मंजूर करताना जवळच्या स्थानकावर, जिन्यावर, बसथांब्यावर किती माणसे वाढतील, याचा आकडा त्याच कागदावर आहे का? रस्त्याने किंवा रुळाने चढलेल्या जमिनीच्या भावातला वाटा मूळ जमीनधारकाला आणि स्थानिक संस्थेला किती, आणि तो आंदोलनाआधी लिहिला आहे का? आणि रेषा आखण्यापूर्वी निवडून आलेल्या कोणत्या सभागृहात ती मांडली गेली? तिन्ही प्रश्नांना नवा कायदा लागत नाही. महानगर नियोजन समितीचा कायदा आहे, तो १९९९ पासून आहे.

चिरनेर हे १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे गाव. तिथल्या माणसांनी गोळ्या झेलल्या होत्या त्या जंगल कोणाचे, या प्रश्नावर. जासईला तोच प्रश्न भातशेतीविषयी विचारला गेला. आता सेतूच्या टोकाला तो तिसऱ्यांदा विचारला जात आहे, आणि सध्या तो हरकती-सूचनांच्या गठ्ठ्यात बांधून ठेवलेला आहे.